हिरव्या पडद्याचं मीटर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये घडलेलं आयबीएमचं एएस/400 हे यंत्र जून 1988 मध्ये जाहीर झालं. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिममध्येच मुरलेला, सांभाळायला एखाद-दुसरा माणूस पुरेसा. घाऊक व्यापारी, कारखाने, बँका या यंत्रावर विसंबून असत. 5250 जातीच्या टर्मिनलवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं उमटायची, मागे आरपीजी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम चालायचा. अशा पडद्यावरच्या कामाला इंटरॅक्टिव्ह म्हणायचं. रात्रीचे अहवाल, महिनाअखेरचा हिशेब हे बॅच.

ही विभागणी तोवर तांत्रिक होती. नव्वदच्या दशकात तिला किंमत चिकटली. युनिक्स आणि विंडोज एनटीचे सर्व्हर स्वस्तात मिळू लागले, तेव्हा आयबीएमलाही स्वस्त सर्व्हर विकणं भाग होतं. पण सरसकट भाव उतरवला, तर हिरव्या पडद्यावर जगणारे जुने गिऱ्हाईकही तोच भाव मागणार. त्यावर काढलेला तोडगा धूर्त होता: प्रोसेसर एकच, ताकदीचे आकडे दोन. सोसायटीत पाणी एकाच टाकीतून यावं आणि स्वयंपाकघरातल्या नळाला तेवढं वेगळं, महागडं मीटर बसवावं, तसं.

1999 साली आलेल्या 7xx मालिकेत हे उघड दिसतं. ताकद सीपीडब्ल्यू या एककात मोजत. मॉडेल 720 च्या सर्वांत लहान प्रोसेसरची ताकद 240, पण पडद्याच्या कामाची मर्यादा ठरवणारं मूळ इंटरॅक्टिव्ह कार्ड फक्त 35 चं. जास्त हवं असेल तर वरचं कार्ड विकत घ्यायचं. त्याने यंत्राचा वेग वाढत नसे. आधीपासून आत असलेला वेग वापरायची परवानगी मिळे.

मर्यादा ओलांडली की सीएफइंट नावाचं सिस्टिमचं अंतर्गत टास्क जागं व्हायचं आणि स्वतःच सीपीयू खाऊ लागायचं. ते कुठलंही उपयोगी काम करत नसे, नुसती ताकद अडवून धरायचं. गंमत अशी की त्याचा फटका पडद्यासमोरच्या कारकुनापुरता राहत नसे, बॅचची कामंही रखडायची. गोदामातल्या चारजणांनी एकदम मोठे शोध चालवले की पलीकडे बिलं छापायची थांबत. चालू जॉब दाखवणाऱ्या वर्कअ‍ॅक्टजॉब या आज्ञेच्या यादीत दोषी सापडत नसे, कारण सीएफइंट हा जॉबच नव्हता. त्यासाठी वर्कसिसअ‍ॅक्ट ही आज्ञा चालवावी लागे. वर्कअ‍ॅक्टजॉब उघडून सतत एफ5 दाबत बसणारा ऑपरेटर स्वतःही त्याच कोट्यातली ताकद उडवत असे, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येई.

मग सुरू झाली ती कामगिरी सुधारण्यापेक्षा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा याची कारागिरी. नियमातच फट होती: टर्मिनलच्या जॉबने जाळलेला सीपीयू तेवढा इंटरॅक्टिव्हमध्ये धरला जाई. म्हणून अहवाल पडद्यावरून थेट न चालवता एसबीएमजॉब या आज्ञेने बॅचमध्ये ढकलायचा. पडद्याच्या प्रोग्रॅमने फक्त ग्राहक क्रमांक घ्यायचा, तो डेटा क्यूत, म्हणजे दोन जॉबमधल्या निरोपांच्या रांगेत, टाकायचा, आणि खरी शोधाशोध पलीकडे थांबलेल्या बॅच जॉबने करून उत्तर परत पाठवायचं. पीसीवरून ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीने आलेली चौकशी तर मुळातच इंटरॅक्टिव्हमध्ये मोजली जात नसे. म्हणजे तोच प्रश्न, तीच फाइल, तोच प्रोसेसर; विचारणारा कुठल्या दारातून आला यावर भाव ठरणार.

सरळ उपायही होते, आणि तेच आधी करायला हवेत असं मला वाटतं. योग्य इंडेक्स नसल्यामुळे एका चौकशीसाठी अख्खी फाइल चाळणारा प्रोग्रॅम शोधून दुरुस्त केला, तर कार्डाचा खर्च टळू शके. क्यूडीवायएनपीटीवायएडीजे हे सिस्टिम व्हॅल्यू चालू ठेवलं की भार वाढताच इंटरॅक्टिव्ह जॉबची प्रायॉरिटी उतरवून बॅचला वाट दिली जाई. पण त्याने कोटा वाढत नसे. सीएफइंटला गुंगारा देणारी त्रयस्थ सॉफ्टवेअरंही निघाली. ती आयबीएमला रुचणं शक्यच नव्हतं.

धंद्याच्या हिशेबात हे समजण्यासारखं आहे, तरी मला ते कोतं वाटतं. नवं गिऱ्हाईक खेचण्यासाठी सूट, आणि वर्षानुवर्षं आरपीजीत पैसा ओतलेल्यांवर कर. 2003 मध्ये, एव्हाना आयसिरीज म्हणवल्या जाणाऱ्या या यंत्रांसाठी, आयबीएमने कार्डांची उतरंड मोडून दोनच प्रकार ठेवले: स्टँडर्ड एडिशनमध्ये हिरव्या पडद्याला जवळपास काहीच नाही, एंटरप्राइझ एडिशनमध्ये पूर्ण ताकद. मीटर गेलं, पण दार दोन भावांचंच राहिलं. आणि ज्यांनी कराच्या धास्तीने पडद्याचं काम नि हिशेबाचं काम वेगळं केलं होतं, त्यांना तेच बॅच जॉब पुढे ब्राउझरच्या मागे उभे करणं सोपं गेलं.