दीड मिलिमीटरचा हिशेब

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि उन्हाळ्यात हीच नदी तळ गाठते. अशा नदीतून बारमाही पाणी उचलायचं तर मोटर पुराच्या वर हवी आणि पंप उन्हाळ्यातल्या पाण्याच्याही खाली. त्यासाठी काठावरच्या जॅकवेलमध्ये उभा टर्बाइन पंप बसवतात. वर मोटर, तळाशी बुडालेले बाऊल आणि इंपेलर, मधे कॉलम पाइपातून जाणारा लांब शाफ्ट. इंपेलर पाण्यातच असल्यामुळे सुरू करताना पंपात पाणी भरावं लागत नाही.

मात्र झिजणारा भाग डोळ्यांना दिसत नाही. फिटरच्या हाती येतो तो मोटरच्या माथ्यावरचा नट. पोकळ शाफ्टच्या मोटरमधून पंपाचा शाफ्ट वर येतो आणि या नटाला टांगलेला राहतो. नट फिरवला की वीस मीटर खालचे इंपेलर वरखाली होतात.

ते किती उचलायचे, यातच सारं कसब आहे. आधी इंपेलर बाऊलवर टेकू द्यायचे, मग नट आवळत न्यायचा. शाफ्ट हाताने मोकळा फिरू लागला, की ते शून्य. पण तिथे थांबून चालत नाही. पंप चालू होताच पाण्याचा दाब इंपेलरना खाली रेटतो आणि शाफ्ट ताणला जातो. ५० मिमी व्यासाचा, २० मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट ३ टनांच्या जोराखाली सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. तेवढी उचल आणि वर थोडी मोकळीक आधीच द्यावी लागते. अर्धउघडा इंपेलर कमी उचलला तर घासतो, जास्त उचलला तर फटीतून पाणी मागे सरकतं आणि दाब पडतो. बंद इंपेलर त्यामानाने सोशिक.

वीज गेली की कॉलममधलं पाणी खाली येतं आणि पंप उलटा फिरू पाहतो. त्याला रॅचेट अडवतो. शाफ्टचे आट्यांचे कपलिंग सरळ फिरताना आवळतात, उलट फिरले तर सुटतात. म्हणून केबलला हात लागला असेल तर मोटर पंपापासून सोडवून तिची दिशा तपासल्याशिवाय जोडू नये. दोन फेजची अदलाबदल झाली तरी मोटर उलट फिरायला पुरे.

पाण्यावर चालणारी रबरी बेअरिंग सुरू करण्याआधी भिजवावी लागतात; कोरडं फिरलं तर रबर जळायला वेळ लागत नाही. शाफ्टभोवतीच्या पॅकिंगच्या ग्लँडमधून मात्र थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. गळती दिसली म्हणून नवखा माणूस ग्लँड करकचून आवळतो, मग पॅकिंग जळतं आणि स्लीव्हवर चर पडते.

लॉगबुकात अँपिअर आणि दाबाच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, असं मला मनापासून वाटतं: नट शून्यापासून किती फिरवला, आणि कोणत्या तारखेला. बदलून आलेल्या फिटरला पंप वर न काढताही इंपेलर किती झिजलेत याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.