थांबणारे घड्याळ

जुने मित्र तीस वर्षांनी भेटले की पहिला अर्धा तास फार सुखाचा जातो. कोणाला टक्कल पडले, कोणाकडे सून आली, कोणते प्राध्यापक वारले, एवढे सांगून होते. मग कोणीतरी हळूच मनगटावरील घड्याळाकडे पाहतो. बायकांचे असे होत नाही. त्या भाजी निवडावयास घेतात आणि बोलणे आपोआप पुढे सरकते. पुरुषांना समोरासमोर बसून मनातले बोलता येत नाही. दोघांनी मिळून पाहावे असे तिसरे काहीतरी पुढ्यात लागते. आमच्या मंडळींच्या बाबतीत ते काम अमेरिकेतील कॉलेजांच्या बास्केटबॉलने केले, हे वाचून वाचकांस नवल वाटेल.

बास्केटबॉल हा मुळात मास्तराने शोधलेला खेळ. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, हिवाळ्यात चार भिंतींत कोंडलेल्या दांडग्या विद्यार्थ्यांना गुंतविण्यासाठी, सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढे कान्सास विद्यापीठात तो संघाचा प्रशिक्षक झाला. तेथे त्याच्या खाती विजयांपेक्षा पराजयच अधिक जमा आहेत. शिकविणाऱ्याने स्वतः जिंकलेच पाहिजे असे थोडेच आहे!

आम्ही तिघे इंदुरास एकाच कॉलेजच्या सिमेंटच्या मैदानावर हा खेळ खेळलो. गुडघे फुटले, करंडक काही मिळाला नाही. नंतर एक वकील झाला, एक इंजिनियर होऊन अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात स्थायिक झाला आणि आम्ही खडू हाती घेतला.

त्या कॅरोलायनात डरहॅमचे ड्यूक विद्यापीठ आणि चॅपल हिलचे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्यात जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांचे अंतर आहे. दोघांचाही रंग निळा. एकाचा गडद, दुसऱ्याचा आकाशी. एकाच घरात बाप एका रंगाचा आणि लेक दुसऱ्या रंगाची, असा प्रकार तेथे सर्रास चालतो. शंभर वर्षांत हे संघ अडीचशेहून अधिक वेळा परस्परांशी झुंजले; परंतु मार्च-एप्रिलमधील राष्ट्रीय स्पर्धेत, जेथे एकदा हरला की संघ घरी जातो, तेथे त्यांची गाठ कधीच पडली नव्हती. ती पहिल्यांदा पडली २०२२ साली, उपांत्य फेरीत, न्यू ऑर्लिन्स येथे. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की बेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्या स्पर्धेअखेर निवृत्त होणार होते.

तेथील शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, ३ एप्रिल. आदल्या दिवशी पाडवा होता. इंजिनियर वडिलांचे घर विकण्याच्या कामाने इंदुरात आलेला. येताना स्कॉचची एक बाटली घेऊन आलेला. बैठक वकिलाच्या घरी. पाडव्याच्या दिवशी बाटली उघडावयाची नाही, हा त्याच्या मातुःश्रींचा दंडक. रात्री बारानंतर तारीख बदलते, असा युक्तिवाद वकिलाने करून पाहिला. काकू म्हणाल्या, "बाराचा दिवस तुझ्या कोर्टाचा. आमचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो." सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास आणि सामनाही त्याच सुमारास सुरू व्हावयाचा. तेव्हा सकाळी साडेसहा वाजता, पोह्यांच्या बशीशेजारी, व्हिस्कीचे पेले आले. आमच्या वाचकांत भगिनीवर्ग मोठा आहे, म्हणून सांगून टाकतो की आमच्या पेल्यात पाणीच अधिक होते.

मध्यंतरास ड्यूक ३७, कॅरोलायना ३४. तेवढ्या वेळात इंजिनियरने चाळीस वर्षांपूर्वीची, त्याच शहरातील त्याच सुपरडोममधील गोष्ट सांगितली. १९८२ च्या अंतिम सामन्यात कॅरोलायनाचे डीन स्मिथ आणि जॉर्जटाउनचे जॉन थॉम्पसन हे दोन प्रशिक्षक, जुने मित्र, समोरासमोर होते. एकोणीस वर्षांच्या मायकल जॉर्डनने बास्केट केली आणि कॅरोलायना ६३–६२ अशी पुढे गेली. अखेरच्या सेकंदांत जॉर्जटाउनच्या एका खेळाडूने चुकून चेंडू प्रतिपक्षाच्याच हाती दिला. सामना गेला. थॉम्पसन यांनी त्या मुलाला जवळ घेतले. हे सांगताना इंजिनियरचा आवाज थोडा घोगरा झाला. वकिलाने त्याच्या बशीत शेव वाढली.

कॉलेजचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. पण लागतात दोन तासांवर. पंचाची शिटी वाजली की घड्याळ थांबते. चुरशीच्या सामन्यात शेवटचे एक मिनिट दहा मिनिटेही पुरते. क्रिकेटमध्ये निवांतपणा आहे, पण तो सैल. येथे श्वास रोखलेला असतो आणि मध्येच मोकळा वेळ मिळतो.

शेवटचे मिनिट. कॅरोलायना एका गुणाने पुढे, आणि ड्यूकच्या उंच खेळाडूला दोन फ्री थ्रो मिळाले. घड्याळ थांबलेले. पडद्यावरची नजर न काढता इंजिनियर म्हणाला, "बाबा शेवटी काही बोलले का रे?"

त्याचे वडील एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्याला येता आले नाही. अंगावर तो प्लॅस्टिकचा पोशाख चढवून अग्नी वकिलाने दिला, महिनाभराने अस्थी ओंकारेश्वरी नेऊन नर्मदेत सोडल्या. वर्षभरात दोघांचे फोन झाले, ते मृत्यूचा दाखला, वारसनोंद आणि घराचे कागद यांपुरतेच.

वकीलही पडद्याकडेच पाहत होता. "आदल्या दिवशी वॉर्डातून फोन आला होता. नळाचं बिल भरलंस का, विचारत होते."

"आणखी?"

"आणखी काही नाही. तुझं नाव घेतलं असं सांगू शकलो असतो. पण ते खोटं झालं असतं."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग इंजिनियरने विचारले, "भरलं होतंस?"

"त्याच दिवशी."

इंजिनियर आधी हसला. नंतर चष्मा काढून धोतराने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. ते दोन्ही फ्री थ्रो चुकले होते, हे आम्हांस मागाहून कळले. वर पाहिले तेव्हा पंचवीसेक सेकंद उरली होती आणि कॅरोलायनाच्या केलेब लव्हचा दुरून फेकलेला चेंडू जाळीतून खाली येत होता. तीन गुण. सामना ८१–७७ असा कॅरोलायनाने जिंकला. शशेफ्स्की आपल्या पत्नीचा हात धरून बाहेर पडले. काकूंनी आतून विचारले, "कोण जिंकलं?" कोणाला लगेच उत्तर देता आले नाही.

मंगळवारी सकाळी अंतिम सामना झाला. मध्यंतरास पंधरा गुणांनी पुढे असलेला कॅरोलायनाचा संघ नेस्मिथच्या कान्सासकडून ७२–६९ असा हरला. आम्ही शाळेत होतो. प्रार्थना आटोपल्यावर वकिलाचा फोन आला. इंजिनियर त्याच्याकडेच होता, आणि दोघे त्या वेळी घराचे कागद बाजूला सारून जुन्या नळबिलांची फाइल चाळीत बसले होते.