यादीतला सहावा प्रश्न

अकराला पाच मिनिटं कमी असताना विधान भवनात घंटा वाजू लागते. लांबलचक, एकसुरी, थांबायचं नाव न घेणारी. लॉबीत घोळके करून उभे असलेले आमदार बोलणं अर्धवट टाकून आत येतात. कुणी हातातले कागद चाळतो, कुणी पुढच्या बाकावर वाकून मंत्र्यांच्या कानाशी लागतो. आम्ही वर, प्रेक्षक गॅलरीत आहोत. मोबाइल आणि पिशव्या खाली जमा झाल्या आहेत. माझ्याजवळ प्रवेशिका आहे, आणि मामांच्या खिशात घडी घातलेली एक यादी. सुरक्षारक्षकाने ती उलगडून बघितली आणि परत दिली.

मामा चोपडा तालुक्यात केळी करतात. रात्री जळगावला अमरावती-मुंबई एक्सप्रेस पकडली, पहाटे सीएसएमटीला उतरलो, आंघोळी उरकल्या आणि पावसातच नरिमन पॉइंटला आलो. आज पावसाळी अधिवेशनात केळीच्या विम्याचा तारांकित प्रश्न आहे. प्रश्नांच्या यादीत सहावा.

अध्यक्ष येतात. सगळे उभे राहतात, अध्यक्ष दोन्ही बाजूंना नमस्कार करतात, सगळे बसतात. त्यांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. मामा त्या उंच आसनाकडे टक लावून बघतात. "अरुणभाई तठेच बसेत ना?" ते विचारतात. तिथेच. चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या आधी, १९९० ते १९९५, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी. एका जळगाव जिल्ह्याने पंधरा वर्षांच्या आत दोन अध्यक्ष दिले. आणि प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावातून पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. तेव्हा विधानसभा इथे नव्हती, रीगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची. ही इमारत १९८१ची. मी हे शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला सांगत असते. पण या गॅलरीतून खाली बघताना मला वेगळंच जाणवतं: २८८ जणांच्या या सभागृहात जळगावचे अकरा, धुळ्याचे पाच, नंदुरबारचे चार. अख्ख्या खान्देशाचे वीस. त्या विसांना बोलायला मिळणारी मिनिटं किती मोलाची असतील!

पहिला प्रश्न पुकारला जातो. मुंबईतल्या रखडलेल्या पुनर्विकासाचा. मंत्री उठतात, छापील उत्तराचा हवाला देतात, आणि मग उपप्रश्न सुरू होतात. हात वर होतात, "अध्यक्ष महोदय, अध्यक्ष महोदय" असा गलका होतो. एक सदस्य विचारतात, भाडं किती महिन्यांचं थकलंय? मंत्री म्हणतात, माहिती घेऊन सांगतो. दुसरे लगेच उठतात: माहिती घेऊन नको, ही इमारत माझ्या मतदारसंघात आहे, मी सांगतो. मंत्र्यांच्या मागे, अधिकाऱ्यांच्या कक्षातून एक चिठ्ठी पुढे येते. मंत्री ती वाचतात आणि या वेळी आकडा सांगतात. घर सोडून भाड्याच्या खोलीत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचं दुःख खरंच आहे, त्यांना उत्तर मिळायलाच हवं. पण घड्याळात अकरा पंचवीस झाले आहेत आणि यादी अजून पहिल्यावरच आहे.

"आपला कव्हय येई?" मामा हळूच विचारतात. गॅलरीतला रक्षक बोट ओठांवर ठेवतो.

छापील यादी माझ्या तोंडपाठ झाली आहे. "सन्माननीय कृषी मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात, आणि मग एकामागून एक भाग. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत हप्ता भरूनही जळगाव जिल्ह्यातल्या काही महसूल मंडळांमधले केळी उत्पादक भरपाईपासून वंचित राहिले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मामांच्या गेल्या वर्षीच्या मे महिन्याची सगळी होरपळ या ओळींमध्ये बसवलेली आहे. बागेला शेवरी आणि गजराज गवताचं कुंपण होतं, पश्चिमेला हिरवी नेट होती, पाणी तुटू दिलं नव्हतं. तरी पानं करपली, दांडे सुकले आणि घड सटकू लागले. रोज सकाळी बागेत गेलं की चार घड खाली. शेजारच्या मंडळात भरपाई मिळाली. मामांच्या मंडळात नाही, कारण तापमान ठरलेल्या अंशांच्या वर सलग ठरावीक दिवस राहायला हवं, आणि त्यांच्या मंडळाच्या हवामान केंद्रात मधल्या एका दिवशी पारा काही दशांशांनी खाली नोंदला गेला. सलगता तुटली. अख्खं मंडळ बाहेर.

दुसरा प्रश्न सुरू होतो न होतो तोच विरोधी बाकांवरून आवाज चढतो. दुसऱ्याच एका विषयावर प्रश्नोत्तराचा तास बाजूला ठेवून चर्चा घ्या, अशी मागणी आहे. अध्यक्ष नाकारतात. फलक वर होतात. आधी पाच-सहा जण, मग वीस-पंचवीस जण अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात. सत्ताधारी बाकांवरूनही तितक्याच जोराने घोषणा सुरू होतात. मार्शल सरसावून उभे राहतात. "सभागृहाची बैठक दहा मिनिटांसाठी स्थगित." दहाची वीस होतात. पुन्हा बैठक, पुन्हा घोषणा, पुन्हा पंधरा मिनिटं.

बारा वाजून गेल्यावर अध्यक्ष जाहीर करतात, प्रश्नोत्तराचा तास संपला आहे.

मला राग येतो. मोकळ्या जागेत उतरलेल्यांचा विषय खोटा नव्हता, तोही कुणाच्या तरी जिवाचा होता. पण आज जे बाकांवर बसून शिस्तीची आठवण देत होते, तेही विरोधात असताना याच जागेत उतरलेले आहेत. या सगळ्यात जो जातो तो सहाव्या नंबरचा प्रश्न. त्याचं लेखी उत्तर मिळतं, पण लेखी उत्तराला उपप्रश्न नसतो. मंत्र्याला सभागृहात उभं राहून, सगळ्यांच्या देखत, "माहिती घेऊन सांगतो"च्या पुढे ढकलण्याची ताकद फक्त त्या एका तासात आहे. आमदारांच्या हातात यापेक्षा धारदार हत्यार नाही, आणि ते रोज गोंगाटात बोथट होतं.

आमच्या भागातल्या आमदारांचे स्वीय सहायक दुपारी लॉबीबाहेर लेखी उत्तराची प्रत आणून देतात. पहिल्या भागाला "अंशतः खरे आहे". दुसऱ्यात संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीनुसार निकष पूर्ण झाले नसल्याचं म्हटलंय. शेवटी "प्रश्न उद्भवत नाही". मामा चष्मा पुसून दोनदा वाचतात. "म्हणजे आपलं मिटलं?"

"नाही आबा," सहायक म्हणतो. "संध्याकाळी शेतीवरची चर्चा आहे. भाऊंचं नाव दिलंय. थांबा तुम्ही."

आम्ही थांबतो. दुपारचं कामकाज झपाट्याने पुढे सरकतं. कागदपत्रं पटलावर ठेवली जातात. एका विधेयकावर चार सदस्य बोलतात, मंत्री थोडक्यात उत्तर देतात, आणि खंडामागून खंड पुकारले जातात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. होयचे बहुमत, होयचे बहुमत. कायदा इतक्या लवकर होताना बघून मी अस्वस्थ होते. त्यातली एक तरतूद मला समजून घ्यायची होती, पण ती कधी आली आणि कधी गेली ते कळलंच नाही. मग लक्षवेधी सूचनांची रांग लागते, धरणांची, शाळांची, रुग्णालयांची.

साडेसहानंतर सभागृह विरळ होतं. अध्यक्षांच्या जागी तालिकेवरचे एक सदस्य येऊन बसले आहेत. नियम २९३खालची चर्चा सुरू आहे. गणसंख्येसाठी एक दशांश सदस्य लागतात, म्हणजे एकोणतीस. वरून मोजले तर तेवढेही दिसत नाहीत. कुणी हरकत घेतली तर घंटा वाजवावी लागेल, पण कुणी घेत नाही, आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानते.

आसनापुढच्या टेबलापाशी प्रतिवेदक बसलेले आहेत. सकाळपासून मी त्यांच्याकडे बघते आहे. ठरावीक मिनिटांनी एक जण आतून येतो, आधीच्याच्या शेजारी बसतो, त्याची वही सुरू होते आणि मग पहिला उठतो. वाक्य मध्येच तुटत नाही. गोंधळातही त्यांची मान वर झाली नव्हती; कोण कुठून काय ओरडतंय ते कानाने टिपून पेन्सिल चालूच होती. लघुलिपीच्या बारीक वळणांनी पान भरतं, बोटाने उलटलं जातं. आता रिकाम्या बाकांसमोरही ती पेन्सिल त्याच वेगाने चालते आहे. ऐकायला वीस असोत की दोनशे, इथे बोललेला शब्द लिहिला जातो.

आमचे सदस्य उभे राहतात. सकाळी घसा ताणून बोलणाऱ्यांसारखे ते बोलत नाहीत. आधी नकाशाच मांडतात: वर सातपुडा, खाली तापी, मधल्या पट्ट्यात चोपडा, यावल, रावेर. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा शासनाने अभिमानाने सांगितलं. मग त्याच केळीचं ऊन मोजताना इतकी ढिलाई का? महसूल मंडळात गावं अनेक आणि केंद्र एक. ते केंद्र कुठे बसवलंय, झाडाच्या सावलीत आहे की उघड्यावर, याची तपासणी कुणी केली? विम्याचा हप्ता बँक पीककर्जातूनच कापते, तेव्हा कुणी विचारत नाही की तुमच्या शेतात किती अंश आहेत. भरपाईच्या वेळी मात्र दशांश बघितले जातात.

"अध्यक्ष महोदय, माझी मागणी तीनच ओळींची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत केंद्र द्या. रोजची नोंद त्याच दिवशी शेतकऱ्याला बघायला मिळू द्या. आणि 'सलग' ही अट केळीच्या झाडाला विचारून ठरवा. मधल्या एका दिवशी पारा जरा उतरला म्हणून सटकलेला घड परत झाडाला लागत नाही."

बाकांवर हात वाजतात, विरोधी बाजूनेही. मामा पुढे वाकले आहेत, दोन्ही हात कठड्यावर. रक्षक त्यांना हात मागे घ्यायला खुणावतो. ते घेतात, पण डोळे खालीच.

तालिका अध्यक्ष वेळ संपल्याची घंटी वाजवतात. सदस्य आणखी एक मिनिट मागतात आणि ते मिनिट बऱ्हाणपूरच्या भावावर खर्च करतात: माल आमचा, कापणी आमच्या बांधावर, आणि दर पलीकडच्या राज्यातल्या बाजारावरून. हे वेगळं दुखणं आहे आणि त्याला एक मिनिट पुरणारं नाही, पण त्यांनी ते कामकाजात नोंदवून ठेवलं, हे बरंच केलं.

उत्तराला मंत्री उठतात तेव्हा आठ वाजून गेले आहेत. ते बऱ्याच गोष्टींना हात घालतात: कापूस, खतं, पंचनामे. केळीवर येतात तेव्हा म्हणतात, निकष केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असतात, तरी सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन लवकरच बैठक घेऊ.

सदस्य बसल्या जागेवरून उठतात. "लवकरच म्हणजे कधी? तारीख सांगा."

मंत्री अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे बघतात. क्षणभर कुणीच बोलत नाही. तालिका अध्यक्ष म्हणतात, मंत्रिमहोदय, अधिवेशन चालू आहे तोवर घेता येईल काय? मंत्री म्हणतात, हो, पुढच्या बुधवारी, माझ्या दालनात, विमा कंपनीच्या प्रतिनिधींसह. ज्या मंडळांच्या केंद्रांबद्दल तक्रार आहे त्यांची तपासणी करून अहवाल मागवू.

प्रतिवेदकाची पेन्सिल चालते. आता हे आश्वासन झालं. पाळलं नाही तर विधानसभेची आश्वासन समिती त्याची विचारणा करू शकते. दुपारच्या "प्रश्न उद्भवत नाही"पासून संध्याकाळच्या बुधवारपर्यंतचं अंतर एका माणसाने, जवळजवळ रिकाम्या सभागृहात, जागचं न हलता कापलं. ज्यांना विधानसभेत काही होत नाही असं वाटतं, त्यांनी हे बघायला हवं होतं. आणि जे सकाळी घोषणा देऊन निघून गेले, त्यांनीही.

पोर्चमध्ये पाऊस वाजतो आहे. आमदार बाहेर येतात, मामांचे हात हातात घेतात. "आबा, दिवसभर बसले का वर? जेवले का?" मामा खिशातली यादी काढून देतात: गावातल्या केळीवाल्यांची नावं आणि गट क्रमांक.

"हे चांगलं झालं," आमदार यादीवरून नजर फिरवतात. "पण बैठकीत यावर भागणार नाही. मला मंडळनिहाय कागद पाहिजेत. बँकेने हप्ता कापल्याची नोंद, सातबाऱ्यावरचा केळीचा पीकपेरा, आणि ते केंद्र कुठे उभं आहे त्याचे फोटो. कंपनीवाले आधी तेच विचारतील."

"केंद्र आमच्याच शिवारात आहे, भाऊ. लिंबाच्या बुडाशी."

"मग त्याचा फोटो सगळ्यात आधी. सोमवारपर्यंत माझ्याकडे पाठवा. आणि बुधवारी तुम्ही स्वतः या."

मोबाइल परत मिळतात. मामा फाटकाबाहेर पडायच्या आधीच गावाकडे फोन लावतात. समोरून पुतण्या बोलतो आहे; पावसामुळे मामांना मोठ्याने बोलावं लागतं.

"सकायले त्या केंद्राजोडे जाय. चारी बाजूना फोटो काढ. अन् ते लिंबनं झाड बी त्यामा दिखाले जोयजे!"