भूमध्य समुद्र, मुक्काम पोस्ट कंपू

दोघांनीच कुठंतरी जायचं, सकाळी उशिरा उठायचं, पाय नेतील तिकडं भटकायचं, असा बेत ठरला की हल्ली पहिली नावं निघतात ती सँतोरिनी, माल्टा, सिसिलीची. जरूर जा. पण व्हिसा आणि विमानभाड्याचं जुळून येईपर्यंत ग्वाल्हेरला या आणि लश्करात, कंपूच्या आसपास, तीन-चार दिवस मुक्काम टाका. आग्रा आणि झाशीच्या मध्ये ग्वाल्हेरला एक दुपार देऊन पुढं पळणाऱ्यांना कल्पनाही नसते की भूमध्य समुद्राकाठची किती माणसं आणि किती वस्तू या शहरात येऊन मुरल्या आहेत.

सार्डिनियाच्या राजाचा प्रजाजन

कंपू हे नाव फौजेचं. महादजी शिंद्यांनी युरोपीय धर्तीवर कवायती फौज उभी केली, तिच्यातल्या पलटणींच्या जथ्याला कंपू म्हणत. पुढं १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला, त्या तळाचंच लश्कर शहर झालं आणि कंपू हे त्यातल्या एका वस्तीचं नाव होऊन राहिलं.

महादजींसाठी हे कंपू घडवणारा माणूस म्हणजे बेनुआ द बॉयन, आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतला डिबॉयन. जन्म १७५१, गाव आल्प्सच्या कुशीतलं शाँबेरी. तिथून समुद्र दिसणं शक्यच नाही, पण त्याचा राजा मात्र सार्डिनियाचा! सॅव्हॉयचा डोंगराळ मुलूख आणि भूमध्य समुद्रातलं सार्डिनिया बेट त्या काळी एकाच राज्यात होतं. म्हणजे पाटण आणि मेडत्याच्या १७९० च्या लढायांत शिंद्यांच्या पलटणी ज्याच्या हुकमावर चालल्या, तो कागदोपत्री एका बेटाच्या राजाचा प्रजाजन होता. जुनी चरित्रं तर सांगतात की हिंदुस्थानात येण्याआधी, रशियाच्या बाजूनं लढताना, तो एजियन समुद्रातल्या टेनेडॉस बेटापाशी तुर्कांच्या हाती सापडला होता.

१७९६ मध्ये भरपूर संपत्ती गोळा करून तो परतला, पुढं सार्डिनियाच्या राजानं त्याला काउंट केलं. शाँबेरीत १८३८ साली त्याच्या स्मरणार्थ कारंजं उभं राहिलं. त्यात चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती आहेत, सोंडेतून पाणी सोडणारे. गंमत अशी की चारही हत्ती फक्त पुढून आहेत, मागचा भागच नाही! गावकऱ्यांनी त्यांना त्यावरून एक चावट टोपणनाव ठेवलंय, ते आजही चालतं.

या हकिगतीतली एक व्यक्ती मात्र कारंज्यावर नाही. डिबॉयनची पत्नी हलीमा, युरोपात हेलन बेनेट म्हणून ओळखली गेलेली. मुलांना घेऊन ती त्याच्याबरोबर इंग्लंडला गेली. तिथं पोहोचल्यावर थोड्याच काळात, १७९८ मध्ये, त्यानं एका तरुण फ्रेंच उमराव-कन्येशी लग्न केलं. हलीमा ससेक्समधल्या खेड्यात राहिली आणि १८५३ मध्ये तिथंच वारली. कंपूची गोष्ट सांगताना तिचं नाव घ्यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. त्या फौजेच्या वैभवाची किंमत रणाबाहेरच्या माणसांनीही मोजली आहे.

नेपल्सचा खेचरवाला आणि एक कोटीचा महाल

डिबॉयनच्या हाताखाली मिकेले फिलोसे नावाचा एक शिपाईगडी होता. नेपल्सकडचा. ज्या उपसागराच्या तोंडाशी काप्री बेट आहे, त्या किनाऱ्यावरचा. आधी तो खेचरं हाकायचा, असं जुने इतिहासकार लिहितात. त्याचं घराणं शिंदेशाहीत रुजलं, पिढ्यान्‌पिढ्या नोकरीत राहिलं, आणि त्यातल्याच सर मायकेल फिलोसेनं जयाजीराव शिंद्यांसाठी १८७४ साली जयविलास महाल बांधला. निमित्त होतं इंग्लंडच्या युवराजाच्या दौऱ्याचं. खर्च त्या काळचे एक कोटी रुपये.

कंपूपासून हा महाल जवळच. तिकीट काढून धावत आत शिरू नका. आधी अंगणात उभे राहून खांब बघा, खालून वर. पहिला मजला टस्कन, दुसरा इटालियन डोरिक, तिसरा कोरिंथियन. वर जाल तसा नखरा वाढत जातो. इटलीतल्या वास्तुकलेचा अख्खा धडा एकाच भिंतीवर.

दरबार हॉलमध्ये सगळे जण माना वर करून उभे असतात. दोन झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टनांचं. ती टांगण्याआधी छत वजन पेलेल का, हे पाहायला फिलोसेनं हत्ती वर चढवले, ही कथा ग्वाल्हेरातलं पोरसोरही सांगेल. कुणी आठ हत्ती म्हणतं, कुणी दहा. त्यांच्यासाठी लांबलचक उतार बांधला होता म्हणे. खाली पसरलेला गालिचा ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला, त्याला बारा वर्षं लागली. झुंबर पाहून झालं की थोडा वेळ खालीही बघा. माझ्या मते दालनातली सर्वांत थोर वस्तू तो गालिचाच आहे.

जेवणाच्या मेजावरची चांदीची आगगाडी पाहायला गर्दी होते. पाहुण्यांपुढं ब्रँडी आणि सिगार घेऊन ती फिरायची. बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की चालू! पण जोडप्यानं शोधावी अशी वस्तू वेगळीच: इटलीहून आलेला काचेचा पाळणा. जन्माष्टमीला त्यात बाळकृष्ण झोपतो.

दोघं, एक पिशवी आणि छोटी रेल्वे

भूमध्य समुद्रातल्या बेटावर जोडप्यानं भटकावं कसं, याचा नामांकित नमुना म्हणजे लेखक डी. एच. लॉरेन्स आणि त्याची बायको फ्रीडा. जानेवारी १९२१ मध्ये ती दोघं सिसिलीतून बोटीनं सार्डिनियाला गेली. सोबत खाण्यापिण्याची पिशवी, थर्मास, चहासाठी छोटी स्पिरिटची चूल. कालियारीहून अरुंद रुळांच्या गाडीनं डोंगरात, मग बसनं पुढं. सगळी सफर जेमतेम आठवडाभराची. परतल्यावर लॉरेन्सनं टिपणांशिवाय 'सी अँड सार्डिनिया' लिहून काढलं.

तशा गाडीच्या बाबतीत ग्वाल्हेर सार्डिनियाच्या पुढं होतं. तिकडचे रूळ ९५० मिलिमीटरचे, इकडचे फक्त ६१०, म्हणजे दोन फुटांचे! शिंद्यांच्या संस्थानानं घातलेली ही लाइन १९०९ साली श्योपूरला पोहोचली, जवळपास दोनशे किलोमीटर. इतक्या अरुंद रुळांवर एवढं लांब अंतर जगात क्वचितच कुठली गाडी कापत असेल. २०२० मध्ये ती बंद झाली आणि रुंदीकरणाचं काम हाती घेतलं. रुंद रूळ गरजेचे आहेतच, पण थोडा टप्पा तरी जुन्या रुळांवर जपायला हवा. सार्डिनियानं आपली छोटी गाडी पर्यटकांसाठी राखलीच ना!

तीळ, मध, गूळ

सकाळी बेडई आणि बटाट्याची रस्सेदार भाजी. नया बाजारात बहादुराचे लाडू. हिवाळ्यात गजक, तीळ-गूळ कुटून केलेला, दाताखाली चुरचुरणारा. सिसिलीत या गजकाची सख्खी बहीण भेटते: कुब्बाइता, तीळ आणि मधाची. अरबांनी ती तिकडं रुजवली. ग्वाल्हेरला डिसेंबरात गेलात तर गजकाबरोबर तानसेन समारोह हा संगीतमहोत्सवही गाठता येतो. २०२३ पासून युनेस्कोच्या यादीत हे संगीताचं शहर आहे. शेजारची बाकं रिकामी असोत की भरलेली, मफलर गुंडाळून दोघांनी एक तरी रात्र समारोहात बसावं.

ग्वाल्हेरचं जहाज

आणि आता माझी सगळ्यांत आवडती हकिगत. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या शहराच्या महाराजांकडं जहाज होतं! पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, माधवराव शिंद्यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही कॅनडाची आगबोट विकत घेतली. तिचं रुग्णालय-जहाज झालं आणि नवं नाव पडलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ती घेतली, कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. परक्या कंपन्यांची सद्दी असलेल्या त्या समुद्रमार्गावर भारतीय मालकीचं मोठं जहाज निघणं हीच त्या काळी केवढी बातमी होती. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोट मात्र फार टिकली नाही, १९२३ मध्ये ती मोडीत निघाली.