कर्नलसाहेबांचं घुबड

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिसंग्रहात रानपिंगळ्याचा एक पेंढा भरलेला नमुना होता. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण मांडवी, साल १९१४ आणि नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचं. ही मांडवी गुजरातेतली, तापीकाठची. रानपिंगळा म्हणजे मध्य भारतातल्या सागाच्या जंगलात राहणारं वीतभर उंचीचं घुबड. १८७२ साली आजच्या छत्तीसगडमध्ये एफ. आर. ब्लूइट यांना ते पहिल्यांदा मिळालं. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे दिसतात तेच हे ह्यूम. नंतरच्या दहा-बारा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके नमुने मिळाले. शेवटचा खानदेशातला, १८८४चा. त्यानंतर सारं सामसूम. म्हणून कर्नलसाहेबांच्या त्या एका नमुन्याला फार मोल होतं, कारण त्यामुळे रानपिंगळा विसाव्या शतकातही जिवंत होता आणि गुजरातेत होता असं ठरत होतं.

माइनर्ट्झहागेन ही काही साधी असामी नव्हती. लष्करी अधिकारी, हेरगिरीतलं मोठं नाव, पक्ष्यांवरच्या जाडजूड ग्रंथांचा लेखक. सलीम अलींनी १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानची मोहीम केली होती. या माणसाने सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह म्युझियमला दिला तेव्हा चिठ्ठीवरच्या मजकुरावर शंका कोण घेणार? शंका घ्यायला जागा मात्र होती. १९१९ मध्येच म्युझियमने परवानगीविना नमुने नेल्याबद्दल त्याला पक्षिदालनात यायला काही काळ बंदी केली होती. पण मोठ्या माणसांच्या अशा गोष्टी कुजबुजल्या जातात आणि विसरल्या जातात.

१९९०च्या दशकात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी तो नमुना नीट तपासायला घेतला. नमुना तयार करणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कातडी कुठून उघडली, आत काय भरलं, किती घट्ट भरलं, पाय कसे बांधले, यावरून जाणकार माणूस तो कुणाचं काम हे सांगू शकतो, शिंप्याचा टाका ओळखावा तसं. क्ष-किरणांनी आणि बारकाईच्या तपासणीने दिसून आलं की हा पक्षी एकदा भरून झाल्यावर पुन्हा उकलून नव्याने भरला आहे आणि पहिला हात जेम्स डेव्हिडसनचा आहे. डेव्हिडसन म्हणजे एकोणिसाव्या शतकात खानदेशात नेमणुकीवर असलेला ब्रिटिश सनदी अधिकारी. त्याचाच खानदेशी रानपिंगळा म्युझियममधून चोरून, त्याला नवं रूप आणि नवी चिठ्ठी देऊन कर्नलसाहेबांनी तो आपला म्हणून परत दिला होता! १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात हे सगळं प्रसिद्ध झालं.

गूढ किंवा नामशेष समजल्या गेलेल्या प्राण्यांच्या नोंदींबद्दल लिहिताना लोक बहुधा ‘कुणी पाहिलं’ इथून सुरुवात करतात. पाहणारा शिकलेला होता का, शुद्धीत होता का, त्याला प्रसिद्धी हवी होती का? या प्रश्नांना किंमत आहे, पण मला वाटतं ती आपण समजतो त्याहून बरीच कमी आहे. त्या घुबडाच्या बाबतीत माणूस प्रतिष्ठित होता, पुरावा हातात धरता येईल इतका ठोस होता, तारीख-वार होता, आणि तरी सगळं खोटं होतं. ते उघडं पडलं कारण वस्तू शाबूत होती आणि दुसऱ्या कुणाला ती उकलून पाहता आली. कर्नलसाहेबांनी नुसतं ‘मी मांडवीला पाहिला’ असं लिहून ठेवलं असतं, तर आजही आपण ते मानायचं की नाही यावर घोळ घालत बसलो असतो.

खोट्या नोंदीची किंमत इतरांनी मोजली. सलीम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह अनेकांनी रानपिंगळा शोधला. त्यातला काही शोध या बनावट माहितीच्या आधारे झाला आणि हाती काही लागलं नाही. रासमुसेन यांनी मांडवी यादीतून काढून टाकली, खऱ्या नमुन्यांची गावं तेवढी ठेवली आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्याबरोबर त्या भारतात आल्या. छत्तीसगडकडे पक्षी मिळाला नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी.

पण दिसला म्हणजे काय? साधा पिंगळा आपल्या गावागावांत आहे आणि तो रानपिंगळ्यासारखाच दिसतो. म्हणून दोघांत फरक पडतो त्या खुणा त्यांनी एकेक करून पाहिल्या. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याच्या जवळजवळ नसतातच. त्याची छाती सलग तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. चित्रीकरण केलं, छायाचित्रं काढली. म्हणजे आपला शब्द मानायची गरजच कुणाला उरू दिली नाही.

इथे एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या भागात वर्षभरात लोकांना दहा हजार वेळा साधा पिंगळा दिसतो आणि हजारात फक्त एकदा कुणीतरी त्याला चुकून रानपिंगळा समजतं. हजारात एक चूक म्हणजे लोक फारच हुशार मानायला हवेत. तरीही वर्षाला दहा खोट्या नोंदी होतील, तिथे एकही रानपिंगळा नसताना! ‘इतके लोक सांगतात, त्या अर्थी काहीतरी असणारच’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. लोक खोटं बोलत नाहीत. नेहमीचा प्राणी संख्येने इतका जास्त असतो की त्याच्याबद्दलच्या किरकोळ चुकाही दुर्मीळ प्राण्याच्या खऱ्या नोंदींना गाडून टाकतात. त्यात वर्तमानपत्रात बातमी आली की नोंदी वाढतात आणि एकाने दुसऱ्याचं ऐकून पाहिलेलं असतं. तेव्हा त्या दहा साक्षी दहा उरत नाहीत.

हिमालयातल्या यतीचं असंच झालं. एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने मकालू तळाजवळ बर्फात दिसलेल्या ३२ इंच लांब, १५ इंच रुंद पावलांची छायाचित्रं समाजमाध्यमावर टाकली आणि दोन दिवस देशाची करमणूक झाली. ठसे होते यात वाद नाही. पण बर्फातला ठसा उन्हाने वितळून पसरतो आणि अस्वलाचं मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर पडलं की एक लांबलचक ‘मानवी’ पाऊल तयार होतं. त्याआधी २०१७ मध्ये संशोधक शार्लोट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, कातडी, केस असे नऊ नमुने डीएनए तपासणीतून काढले होते. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. यतीचे भक्त हिरमुसले असतील, पण हिमालयातल्या अस्वलांच्या वंशावळीबद्दल त्या नमुन्यांतून बरंच काही समजलं.

उलट टोकाची गोष्ट आंध्रातल्या कडप्पाची. जर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कुणाही शास्त्रज्ञाला दिसला नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण चित्रं घेऊन गावोगाव फिरले. काही स्थानिक लोक म्हणाले, हा पक्षी आम्हाला माहीत आहे, पण तो रात्री दिसतो. धाविक कुळातले आपले नेहमीचे पक्षी उघड्या माळावर दिवसा धावताना दिसतात, त्यामुळे शास्त्रज्ञांनी रात्री तो शोधायचं मनातच आणलं नव्हतं. जानेवारी १९८६ मध्ये तिथल्याच एका पक्षी पकडणाऱ्याने विजेरीच्या उजेडात एक पक्षी पकडून आणला. तो जगला नाही, पण ओळख पक्की झाली. या स्थानिक लोकांकडे ना पदवी ना ग्रंथ. त्यांच्या सांगण्यात मात्र पुस्तकात नसलेला आणि पडताळून पाहता येईल असा एक तपशील होता. ऐकीव गोष्ट आणि खरं निरीक्षण यांत फरक करायला मला याहून उपयोगी खूण माहीत नाही. ऐकीव गोष्टीत प्राणी नेमका चित्रातल्यासारखा वागतो.

खरी पंचाईत होते ती टास्मानियन वाघाच्या बाबतीत. टास्मानियन वाघ म्हणजे थायलसिन, अंगावर पट्टे असलेला, लांडग्याएवढा, पोटाला पिशवी असणारा प्राणी. माणसाला माहीत असलेला शेवटचा थायलसिन ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. मार्च १९८२ मध्ये वायव्य टास्मानियात पक्ष्यांच्या कामासाठी गेलेला सरकारी खात्याचा एक संशोधक मध्यरात्री गाडीत जागा झाला, त्याने प्रकाशझोत फिरवला आणि सहा-सात मीटरवर थायलसिन उभा दिसला. त्याने पट्टे मोजले, बारा. कॅमेऱ्याकडे हात नेला आणि प्राणी झुडपांत गेला. अनुभवी माणूस, जवळचं अंतर, स्वच्छ प्रकाश. सरकारने बातमी बाहेर जाऊ दिली नाही आणि त्या भागात दीर्घकाळ शोध घेतला. एक केस नाही, एक ठसा नाही, काहीच मिळालं नाही. तो माणूस प्रामाणिक होता असं मीही मानतो. त्याला काय दिसलं ते मात्र कुणालाच तपासता येत नाही आणि नोंद आजही तशीच लटकलेली आहे.

अशा नोंदी फेकून न देता त्यांचं वजन ठरवता येतं. संशोधक बॅरी ब्रुक आणि सहकाऱ्यांनी १९१० पासूनच्या १,२३७ नोंदी गोळा केल्या, प्रत्यक्ष पकडलेला किंवा मारलेला प्राणी, जाणकाराने पाहिलेला, इतरांनी पाहिलेला अशी प्रतवारी केली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडला: थायलसिन बहुधा १९४० ते १९७० च्या दशकांदरम्यान नाहीसा झाला. दुर्गम भागात तो त्यानंतरही काही काळ तगून राहिल्याची थोडी शक्यता त्यांनी ठेवली आहे. माझ्या मते ते थोडं उदारपणाचं आहे.

न दिसण्यालाही वजन असतं, पण ते शोध कसा घेतला त्यावर ठरतं. रानपिंगळा शंभर वर्षं दिसला नाही याचा अर्थ फारसा काही नव्हता, कारण शोध चुकीच्या जागीही झाला आणि सातपुड्याच्या त्या रानात पक्षी ओळखणारे लोक फारसे जातच नव्हते. डोळे आणि कॅमेरे वाढल्यावर तो मेळघाटात सापडला आणि २०१४ मध्ये थेट मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलात. टास्मानियात उलट आहे. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की मागच्या तीन वर्षांत थायलसिन पाहिल्याच्या आठ नोंदी आल्या. त्याच बेटाच्या रस्त्यांवर वॅलबी, पोसम, टास्मानियन डेव्हिल रोज इतके चिरडले जातात की वाहनांखाली येणारे प्राणी हा तिथला मोठा प्रश्न झाला आहे. त्या मेलेल्या प्राण्यांत थायलसिन एकदाही मिळालेला नाही.