दाव्याची फाईल

"गाडीची पाटी पिवळी होती की पांढरी?" पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या लहानशा कार्यालयात वकील मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो हा. माझा मावसभाऊ कुबड्या भिंतीला टेकवून बसला होता. अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीने तो घरी निघाला होता. नवले पुलाच्या उतारावर टॅक्सीवाल्याने एकदम लेन बदलली आणि मागून भरधाव आलेल्या ट्रकने टॅक्सीला फरफटत नेले. पाटी पिवळी होती, हे ऐकून मॅडम जरा सैलावल्या.

पिवळ्या पाटीच्या टॅक्सीच्या विम्यात प्रत्येक प्रवासी आसनामागे वेगळा हप्ता लागतो. पॉलिसीच्या कागदावर तशी ओळ असते आणि प्रवाशाचा दावा त्या ओळीवर उभा राहतो. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर आत बसलेल्या पाहुण्यालाही त्यात संरक्षण नसते. शिवाय ती गाडी भाडे घेऊन चालवली असेल, तर पॉलिसीच्या अटींचा भंग झाला म्हणून कंपनी हात वर करते. स्वस्तात पडते म्हणून कुणाच्याही खासगी गाडीत पैसे देऊन बसणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पुढचे काही महिने मी भावाबरोबर त्या कार्यालयात जात राहिले आणि दावा कसा उभा राहतो ते जवळून पाहिले. सगळ्यात आधी मॅडमनी ट्रिपची पावती छापून घेतली. गाडीचा नंबर, चालकाचे नाव, वेळ, रस्त्याचा नकाशा, सगळे तिच्यात होते. पोलिसांतली फिर्याद ट्रकबद्दल होती आणि तिच्यात भावाचे नाव धड आले नव्हते. तो त्या टॅक्सीत होता, हे सिद्ध करायला ही पावती कामी आली. मग स्पॉट पंचनामा, रुग्णालयातली एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि दोन्ही गाड्यांचे आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), परमिट, पॉलिसी. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. आमच्या बाबतीत त्या अहवालासाठी ठाण्यात चकरा माराव्या लागल्या.

टॅक्सीच्या आरसीवर नाव होते भलत्याच माणसाचे. त्याने टॅक्सी नोटरीच्या कागदावर विकून टाकली होती. ज्याने ती घेतली, त्याने ती रोजच्या भाड्याने चालकाला दिली होती. जुन्या मालकाला नोटीस गेली तेव्हा तो धावत आला, "मॅडम, गाडी माझी नाहीच!" पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे, की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. गाडी विकून आरसी आपल्याच नावावर ठेवणाऱ्यांना यातला धोका कळतच नाही.

टॅक्सीच्या विमा कंपनीने दोन हरकती घेतल्या. पहिली, चालकाकडे फक्त हलक्या वाहनाचा परवाना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या रंभा देवी निकालानंतर ही हरकत टिकत नाही, कारण ७,५०० किलोपर्यंतचे प्रवासी वाहन त्याच परवान्यावर चालवता येते. दुसरी, परमिटची मुदत संपली होती. तरीही प्रवाशाचे पैसे बुडू नयेत म्हणून कंपनीने आधी त्याला भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालये देतात. आणि चूक ट्रकची किती, टॅक्सीची किती, या वादात प्रवाशाने अडकायचे कारण नाही. दोघांच्या चुकीने तिसरा जखमी झाला, तर तो पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या खेन्येई निकालाने हे पक्के केले.

खरी लढाई झाली ती अपंगत्वाच्या दाखल्यावरून. भाऊ मोबाईल टॉवरवर चढून दुरुस्ती करणारा कंत्राटी तंत्रज्ञ, वय ३४, महिना २४ हजार. डॉक्टरांनी पायाचे अपंगत्व १५ टक्के लिहिले. मॅडमनी कागदावर हिशेब मांडला. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून वर्षाला ४,०३,२०० रुपये, या वयाला गुणक १६, म्हणजे ६४,५१,२००. त्याचे १५ टक्के ९,६७,६८०. पण टॉवरवर न चढता येणाऱ्या माणसाची कमाई १५ टक्क्यांनीच घटते का? राज कुमार विरुद्ध अजय कुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालाने सांगितले आहे, की अवयव किती निकामी झाला यापेक्षा माणसाची कमावण्याची ताकद किती गेली ते पाहावे. ही हानी ४० टक्के धरली तर रक्कम २५,८०,४८० होते. म्हणून कंत्राटदाराचा जबाब आणि कामाचे स्वरूप सांगणारे पत्र मिळवणे औषधांच्या बिलांइतकेच मोलाचे होते.

अ‍ॅप कंपनीलाही मॅडमनी सामनेवाला केले. तिचे लेखी म्हणणे छोटेच होते: आम्ही प्रवासी आणि चालक यांची फक्त गाठ घालून देतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतली व्याख्याही अशा कंपनीला डिजिटल मध्यस्थ म्हणते. पण भाडे ती ठरवते, चालक ती निवडते, वाईट शेरे मिळाले की त्याला काढूनही टाकते. भाड्याने घेतलेल्या बसवर राजस्थान परिवहन महामंडळाचा ताबा होता म्हणून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाला जबाबदार धरले होते. तोच न्याय इथे लागला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. नाहीतर सगळा भार विमा कंपनीवर, आणि परमिट संपलेले असेल तर गाडीच्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मालकावर येतो. चालकाचे तर विचारूच नका. चूक त्याची एकट्याची ठरली, तर स्वतःच्या मोडलेल्या हाडांसाठी त्याला याच कायद्याच्या कलम १६६ खाली दावाही करता येत नाही.

आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर घरच्यांनी पहिल्या दोन दिवसांत ट्रिपची पावती, गाडीच्या पाटीचा फोटो आणि एमएलसीचा नंबर जपून ठेवावा, गाडीचा विमा चालू आहे का ते परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर पाहावे, आणि जखमी माणसाचा जबाब पोलिसांकडे नोंदवून घ्यावा. दावा राहत्या गावच्या न्यायाधिकरणातही करता येतो. त्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि त्यातला बराच काळ प्लास्टरमध्येच जातो.