लावलेलें झाड आणि जगलेलें झाड

मृग नक्षत्र लागून पहिल्या सरी पडून गेल्या कीं आपल्या शहरांतून वृक्षारोपणाच्या समारंभांना ऊत येतो. खड्डा आधींच खणलेला असतो, रोप कोणी तरी हातांत देतो, पाहुणे दोन ओंजळी माती लोटतात आणि मंडळी चहाकडे वळतात. या समारंभांची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. वनमहोत्सवाची प्रथा १९५० सालीं, त्या वेळचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं सुरू केली, आणि झाड लावणें हें सरकारचेंच नव्हे तर लोकांचेंहि काम आहे ही भावना तिनें देशभर पोंचविली. महाराष्ट्र सरकारनें तर १ जुलै २०१६ या एकाच दिवशीं दोन कोटी रोपें लावण्याचा संकल्प सोडला होता. परंतु श्रोतेहो, पुढें चैत्र-वैशाखांत त्या खड्ड्यांत काय उरलें आहे हें पाहावयास जाणारा माणूस विरळा! झाडाची परीक्षा पावसाळ्यांत होत नाहीं. ती पहिल्या तीन उन्हाळ्यांत होते.

याचें कारण जमिनीखालीं आहे. पावसाळ्यांत माती वरपर्यंत ओली असल्यानें रोपाचीं मुळें वरच्या थरांतच सुखानें पसरतात. दिवाळी उलटली कीं प्रथम वाळतो तो हाच थर. तोंवर मुळें खालच्या ओलाव्यापर्यंत पोंचलीं नसतील तर रोप हातचें गेलेंच म्हणून समजावें. यासाठीं रोज तांब्याभर पाणी शिंपडणें, कितीहि प्रेमानें केलेलें असलें तरी, हितकर नव्हे. त्यानें मुळें वरच घुटमळतात. त्याऐवजीं बुंध्याभोवतीं रुंद आळें करून आठवड्यांतून दोनदां दोन-तीन बादल्या पाणी सावकाश मुरूं द्यावें आणि आळ्यांत पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी चालतें. एका कुटुंबास हें मुळींच जड नाहीं. अडचण निराळीच आहे: ऐन मे महिन्यांत, झाडाला गरज सर्वांत अधिक असतां, घरें बंद करून मंडळी गांवीं गेलेलीं असतात. तेव्हां एका झाडामागें निदान दोन बिऱ्हाडें असावींत.

कर्नाटकांत हुलिकल व कुडूर या गांवांमधील रस्त्यावर वडांची रांग उभी आहे. ती तिम्मक्का या मोलमजुरी करणाऱ्या, निरक्षर बाईंनीं व त्यांचे पति चिक्कय्या यांनीं लावली. पोटीं संतान नव्हतें. त्यांनीं झाडें वाढविलीं. पहिल्या वर्षीं रोपें अवघीं दहा होतीं. पुढें दरसाल भर पडत गेली, आणि आज त्यांच्या नांवावर ३८५ वड सांगितले जातात. २०१९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली; २०२५ मध्यें त्यांचें निधन झालें. लोक आंकड्याचें कौतुक करतात. मला कौतुक वाटतें तें घागरींचें. हीं दोघें पायीं पाणी वाहून नेत, आणि गुरांनीं तोंड घालूं नये म्हणून रोपांभोवतीं कांटेरी कुंपण करीत. अशोकाच्या स्तंभलेखांतहि रस्त्यांवरील वडांच्या व आंबरायांच्या पाठोपाठ विहिरींचा उल्लेख येतो, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आतां कोणतें झाड लावावें? गुलमोहर डोळ्यांना सुखवितो खरा, पण हा मादागास्करचा पाहुणा वादळांत चटकन मोडतो. अरुंद रस्त्याच्या कडेला करंज, बकुळ किंवा आपलें राज्यपुष्प ताम्हण शोभतें; कडुनिंबाला थोडी अधिक जागा द्यावी. वड-पिंपळ मोकळ्या मैदानांत. विजेच्या तारांखालीं उंच वाढणारें झाड लावणें म्हणजे पुढें त्याचा शेंडा छाटण्याचें आमंत्रण आजच देणें होय. रोप पुरुषभर उंचीचें मिळाल्यास उत्तम. मात्र पिशवी पूर्णपणें फाडून काढावी आणि तळाशीं वेटोळीं झालेलीं मुळें छाटावींत.

शहरांत झाडाला शेळीपेक्षां फरशीचें भय अधिक. पदपथ करणारे बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात. मग पाणी मुरत नाहीं आणि मुळांना हवा मिळत नाहीं. राष्ट्रीय हरित लवादानें २०१३ मध्यें दिल्लींतील झाडांभोवतींचें काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाकण्यास बजावलें होतें. आपल्या दारापुढें तेवढी माती मोकळी राहील हें पाहणें कोणासहि अशक्य नाहीं. आपल्या राज्यांतील नागरी भागांत झाडें तोडण्यावर १९७५ च्या कायद्यानें निर्बंध आहे. तहानेनें वाळून जाण्यावर मात्र कोणताच निर्बंध नाहीं.

एक सूचना राहिली. रोपाला आधाराची काठी बांधतांना तार वापरूं नये. काथ्याची सैल दोरी पुरते. आणि चवथ्या पावसाळ्याच्या सुमारास खोड मनगटाएवढें झालें कीं लोखंडी पिंजरा आठवणीनें काढवून घ्यावा. तो तसाच राहिला तर त्याच्या कड्या सालींत रुतत जातात. पिंजरा चांगला असेल तर पुढच्या रोपाला उपयोगीं पडतो.